पानशेतच्या काठी राहायला जाण्याआधी

संध्याकाळी कामं आटोपली की गॅलरीत खुर्ची घ्या आणि बसा. पुण्याच्या बिबवेवाडीत पूर्ण शांतता मिळत नाही, ती मिळवायचा खटाटोपही करू नका. गंगाधाम चौकातले हॉर्न, मार्केट यार्डाकडे वळणारे ट्रक, खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी, सगळं कानावर पडू द्या. शेजारी पाण्याचा एक पेला भरून ठेवा. लगेच पिऊ नका. आजचं मनन त्या पाण्याचंच आहे.

आता येत्या सुट्टीचा बेत मनात आणा. पानशेत किंवा वरसगावच्या बाजूचं एखादं ‘इको रिसॉर्ट’. फोटोत लाकडी कॉटेज, समोर धरणाचं निळं पाणी, कडेला पोहण्याचा तलाव. भाडं भारी आहे, पण वर्षभर राबल्यावर दोन दिवस ऐषारामात राहावंसं वाटलं तर त्यात गैर काहीच नाही. ती इच्छा दाबू नका, तिच्याकडे नीट बघा. तिथं जाऊन काय हवंय? मऊ गादी घरीही आहे, एसीही आहे. जरा थांबलात की मन आपोआप सांगू लागतं. डोळ्यांना हिरवं हवंय, कानांना विसावा, रात्री चांदण्या, पहाटे पक्षी, आणि कुणी घाई करायला नको. यातलं काहीच रिसॉर्टच्या मालकानं तयार केलेलं नाही. ते त्या खोऱ्याचं आहे. पैसे आपण मालकाला देतो. खोऱ्याच्या हाती काय पडतं? उत्तराची घाई नको, प्रश्न थोडा वेळ मनात राहू द्या.

पेला हातात घ्या. पानशेतचं धरण आंबी नदीवर, वरसगावचं मोसीवर, टेमघरचं मुठेवर. तिन्हींचं पाणी खडकवासल्यात उतरतं. चारही धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी आणि त्यात एकट्या खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीहूनही कमी. म्हणजे पुण्याची खरी तिजोरी वरच्या डोंगरात आहे. खडकवासल्याहून पाणी पर्वतीच्या जलकेंद्रात येतं, शुद्ध होतं, टाक्यांत चढवलं जातं आणि मग आपल्या नळाला येतं.

हाच प्रवास आता मनातल्या मनात उलटा करा. सावकाश. नळ, सोसायटीची टाकी, पर्वती, खडकवासला, नदीचं पात्र, पानशेतची भिंत, भिंतीमागे डोंगरांच्या कुशीत पसरलेलं पाणी. आणि काठावर तेच लाकडी कॉटेज, ज्याचं बुकिंग तुम्ही करणार आहात.

आत जा. न्हाणीघरातला शॉवर सुरू करा. साबणाचा फेस जाळीतून खाली जातो. त्याच्या मागोमाग तुम्हीही जा. पुढे शोषखड्डा लागतो का? सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा आहे का? असेल तर ती रोज चालते, की वीजबिल वाचवायला बंद ठेवतात? का एक पाइप झाडीतून तसाच खाली गेलेला दिसतो? खाली म्हणजे कुठे, हे सांगायची गरज नाही. त्या काठावरचा प्रत्येक उतार धरणाकडेच जातो. तिथली बांधकामं वाढत चालली आहेत आणि त्यांच्या सांडपाण्याच्या तक्रारी पुणेकरांना नव्या नाहीत. पाहुणे म्हणून आपण तिथं सोडलेलं पाणी आणि रहिवासी म्हणून इथं भरलेला पेला एकाच उतारावर आहेत. हे नुसतं कळून भागत नाही. म्हणून पेला हातात धरून थोडं बसून राहा.

पोहण्याच्या तलावापाशीही क्षणभर थांबा. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटरच्या आत-बाहेर खोल, असा लहानसा तलाव. त्यात साठ हजार लिटरच्या आसपास पाणी बसतं, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. टँकरची वाट बघणं काय असतं, ते बिबवेवाडीतल्याच अप्परच्या चढावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मे महिन्यात धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्या-वस्त्यांवरून बायका हंडे घेऊन उतरतात तेव्हा हा तलाव काठोकाठ भरलेला असतो. आणखी एक गोष्ट मनात असू द्या. पानशेत आणि वरसगावच्या पाण्याखाली गावं गेली आहेत. तिथली माणसं शेतं, घरं, देवळं मागे ठेवून उठली, कितीतरी कुटुंबं दौंडकडे गेली. आपल्या सुट्टीतलं ते निळं पाणी त्यांच्या शिवारावर उभं आहे.

मग ऐषाराम आणि निसर्गाची राखण एकत्र नांदूच शकत नाहीत का? नांदतात. विठ्ठल कामतांनी १९९७ मध्ये मुंबईत विमानतळाजवळ ‘ऑर्किड’ सुरू केलं. पर्यावरणपूरक म्हणून ‘इकोटेल’ प्रमाणपत्र मिळवणारं आशियातलं ते पहिलं पंचतारांकित हॉटेल. त्यांनी खोलीत एक हिरवं बटण ठेवलं. ते दाबलं की एसीचं तापमान दोन अंशांनी वाढतं. एसी एक अंशानं वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं सांगणं आहे. मला त्या बटणाचं मोल वाटतं ते आणखी एका कारणासाठी. निर्णय पाहुण्याच्या बोटाशी आणून ठेवला आणि त्याच्या आरामाला धक्काही लावला नाही. आता डोळे मिटा आणि ते बटण दाबून बघा. दोन अंशांनी काय हरवलं? बहुधा काहीच नाही.

दुसरं ठिकाण याच्या अगदी उलट. मंडणगड तालुक्यातलं वेळास. एकेकाळी तिथल्या किनाऱ्यावरची कासवांची अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला बरोबर घेऊन राखण सुरू केली आणि आता उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्लं समुद्राकडे निघताना बघायला लोक लांबून येतात. उतरतात गावकऱ्यांच्या घरी, जेवतात त्यांच्या पडवीत. तळहाताहून लहान कासव ओल्या वाळूवर थबकतं, पुन्हा सरकतं, लाट येते आणि ते दिसेनासं होतं. तेवढ्यासाठी माणसं पहाटे उठून दोरीमागे चूपचाप उभी राहतात. हा सोहळा कुठल्याही पंचतारांकित हॉटेलला मांडता येणार नाही, आणि राहण्याचे पैसे ज्यांनी किनारा राखला त्यांच्याच घरात जातात. माझ्या लेखी अस्सल श्रीमंती ही.

आता हळूहळू परत या. गाडी, पेट्रोल, नवले पुलावरची कोंडी, तेही या सुट्टीच्या हिशेबात धरा. दर शनिवारी दूर जायलाच हवं असं नाही. पाठीमागे तळजाईचं, पाचगाव-पर्वतीचं वन आहे. तिथं मोर ओरडतात आणि जायला टोल पडत नाही. वर्षातून एकदाच, पण चांगल्या ठिकाणी, भरपूर पैसे देऊन आणि नीट चौकशी करून जावं, हे मला अधिक पटतं.

पेल्यातलं पाणी आता प्या, घोट घोट.

आणि उद्या फोन कराल तेव्हा ॲडव्हान्स भरण्याआधी एवढं विचाराच : सांडपाणी कुठं जातं, मे महिन्यात पाणी कुठून आणता, आणि कामाला आसपासच्या गावांतली किती माणसं आहेत? ज्यांचं काम चोख आहे ते आनंदानं सांगतील, शुद्धीकरणाची टाकीही दाखवतील. जे उडवाउडवी करतील, तिथं राहू नका. फोटो कितीही हिरवे असोत.