नोटीस कधी लागली?

चि. मृण्मयी,


रोज सकाळचा पहिला तास प्रदूषण मंडळाची, जिल्ह्याची आणि मंत्रालयाची संकेतस्थळं चाळण्यात जातो, आणि तरीही एखादी नोटीस नजरेतून सुटेल या धास्तीनं रात्री झोपताना पुन्हा मोबाइल उघडते, असं तू लिहिलं आहेस. हे काम आता सॉफ्टवेअरवर सोपव. पानात बदल झाला की कळवणारी सॉफ्टवेअर मिळतात, त्यातली काही फुकटही आहेत. चिपळुणात एकटीनं ऑफिस चालवून गावोगावच्या लोकांची बाजू मांडणाऱ्या तुझ्यासारखीला त्यांचा फार उपयोग होईल. मात्र त्यांच्याकडून नेमकं काय मिळवायचं आहे, हे आधी मनाशी पक्कं कर.

बातमी लवकर कळावी म्हणून पाळत ठेवणारे पुष्कळ असतात. माझ्या मते वकिलाला या पाळतीतून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तारीख. नोटिशीवर छापलेली तारीख कार्यालयाची असते. ती नोटीस लोकांना प्रत्यक्ष केव्हा दिसू लागली, याची नोंद बहुधा कुणीच ठेवत नाही. ती तू ठेव.

पर्यावरण आघात मूल्यमापनाची २००६ ची अधिसूचना तुला पाठ आहे, तरी एकदा या अंगानं वाच. जनसुनावणीपूर्वी लोकांना किमान ३० दिवस मिळाले पाहिजेत. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही; मंडपात चार माणसं असली तरी ती सुरू होते. म्हणजे गावाला कळलंच नाही, तरी कागदोपत्री सुनावणी झालेलीच असते. वृत्तपत्रातली जाहिरात एका तारखेला आली आणि अहवालाचा मराठी सारांश संकेतस्थळावर तीन आठवड्यांनी चढला, तर लोकांनी हरकत घ्यायची कशावर? हा प्रश्न तू सुनावणीत विचारशील तेव्हा समोरचा अधिकारी म्हणेल की सारांश पहिल्या दिवसापासून होता. तुझ्याकडे रोजची नोंद असेल तर त्या उत्तरावर विषय संपणार नाही.

जमिनीच्या प्रकरणांत तर दिवस आणखी तोलून मिळतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला ६० दिवस आहेत. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जाणार असेल तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या ३-सी कलमाखाली फक्त २१. राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून ते मोजतात, आणि राजपत्र कोकणातल्या किती घरांत उघडलं जातं हे तुला माहीत आहे. एकवीस दिवसांतले दहा कळण्यात गेले, तर सातबारा, मोजणीचा नकाशा आणि वारसांच्या सह्या गोळा करायला उरतं काय?

२०२० चं उदाहरण तुझ्या अशिलांनाही सांगत जा. पर्यावरण मंत्रालयाच्या नव्या अधिसूचनेच्या मसुद्यावर तारीख होती २३ मार्च. राजपत्रात तो आला ११ एप्रिलला, देश टाळेबंदीत असताना, आणि तोही फक्त इंग्रजी-हिंदीत. जनसुनावणीपूर्वीचे ३० दिवस २० वर आणण्याची तरतूद त्याच मसुद्यात होती. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा आठव्या परिशिष्टातल्या भाषांत आणायला सांगितलं. कोणत्या दिवशी, कोणत्या भाषेत, कुणापर्यंत पोचलं यावरच तो सारा वाद उभा होता.

आता प्रत्यक्ष बसवण्याविषयी. डिस्टिल हे ब्राउझरमध्येच बसतं आणि सुरुवातीला सोपं जातं, पण तुझ्या संगणकावर चालवलंस तर संगणक बंद असताना तपासणीही बंद राहते. व्हिज्युअलपिंग पानाचं चित्र घेऊन आधीच्या चित्राशी ताडून पाहू शकतं. चेंजडिटेक्शन डॉट आयओ मुक्त स्रोत आहे. ऑफिसातल्या जुन्या संगणकावर ते रात्रंदिवस चालू ठेवता येतं, आणि मी तुला तेच सुचवीन. परदेशातल्या सर्व्हरवरून येणारी विनंती आपली पुष्कळ सरकारी संकेतस्थळं अडवतात, त्यामुळे तिकडच्या सेवेला पान उघडतच नाही आणि आपण समजतो की काही बदललं नाही. चिपळूणच्या जोडणीवरून गेलेली विनंती या कारणानं अडत नाही.

पूर्ण पानावर कधीही पाळत ठेवू नकोस. सरकारी पानाच्या तळाशी 'एकूण अभ्यागत' असा आकडा असतो, तो प्रत्येक वेळी वाढतो. वर तारीख-वेळ धावते, मध्ये मंत्र्यांची छायाचित्रं सरकत असतात, नव्या ओळीपुढे 'नवीन' लुकलुकतं. दिवसाला पन्नास सूचना यायला लागल्या की आठवड्याभरात तू त्या न वाचताच पुसू लागशील, आणि खरी सूचना त्यांच्यातच जाईल. म्हणून नोटिशींचा तक्ता तेवढाच निवड. सगळ्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये पानाचा भाग निवडायची सोय असते. शब्दांची चाळणीही लाव: रत्नागिरी, चिपळूण, खेड, गुहागर, जनसुनावणी, शुद्धिपत्रक. इंग्रजी स्पेलिंगं वेगळी घाल, कारण एकाच तालुक्याचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल.

त्या अभ्यागतांच्या आकड्याचा मात्र एक फार चांगला उपयोग आहे. त्याच संकेतस्थळावर दुसरी एक पाळत फक्त त्या आकड्यावर ठेव आणि तिच्या सूचना वेगळ्या खात्यात जाऊ दे. आकडा दिवसभर हलला नाही, तर संकेतस्थळ तरी पडलं आहे किंवा तुझं सॉफ्टवेअर तरी. एरवी 'काही सूचना आली नाही' याचा अर्थ 'काही बदललं नाही' असाच घेतला जातो, आणि पाळत ठेवणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. पानाची मांडणी बदलली की निवडलेला भाग सापडेनासा होतो आणि काही सॉफ्टवेअर गप्प बसतात.

पीडीएफवर वेगळं लक्ष हवं. पानावरची ओळ तीच, दुवा तोच, आणि आतली फाइल मात्र बदललेली, असं होतं. अहवालातलं एखादं कोष्टक नवं येतं, सुनावणीची जागा बदलते. पानाच्या मजकुरावरची पाळत हे पकडू शकत नाही. त्यासाठी थेट फाइलच्या दुव्यावरच पाळत ठेवावी लागते. आपल्याकडचे बरेच कागद स्कॅन केलेले असतात, त्यात मजकूर नसतोच, नुसतं चित्र असतं. तिथे फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेला तिचा ठसा, ताडून पाहायचा. एक टिंब बदललं तरी हॅश बदलतो. काय बदललं ते मग डोळ्यांनी शोधावं लागेल, आणि त्यासाठी जुनी प्रत जवळ हवी.

जुनी प्रत! याच मुद्द्यावर मला तुला सर्वांत आग्रहानं सांगायचं आहे. अमेरिकेत २८ एप्रिल २०१७ रोजी तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं हवामान बदलावरची आपली पानं काढून घेतली आणि जागेवर 'मजकूर अद्ययावत होत आहे' अशी पाटी लावली. काही संशोधक आणि स्वयंसेवक आधीच्या काही महिन्यांपासून अशी हजारो सरकारी पानं सॉफ्टवेअरनं तपासत होते. त्यामुळे काय होतं आणि काय गेलं हे पानागणिक दाखवता आलं, आणि शिकागो शहरानं तर काढलेला मजकूर स्वतःच्या संकेतस्थळावर पुन्हा मांडला. बदल कळला एवढ्यानं हे झालं नसतं. आधीचं पान जपून ठेवलेलं होतं म्हणून झालं.

तुझ्या कामात 'नव्हतं' याचा पुरावा 'आलं' याच्याइतकाच लागतो. सॉफ्टवेअर तुला क्षण सांगत नाही, दोन तपासण्यांमधला अवधी सांगतं: काल रात्री दहाला सारांश नव्हता, आज सकाळी दहाला आहे. म्हणून बदल न झालेल्या दिवसांच्या प्रतीही फेकू नकोस. दर चार-सहा तासांनी तपासणी पुरे. मिनिटामिनिटाला विनंत्या पाठवून सरकारी सर्व्हरवर भार टाकणं गैर आहे, तुझा पत्ता अडवला जाईल ते वेगळंच; आणि मुदती दिवसांत मोजल्या जात असताना मिनिटांचा उपयोग नाही.

या प्रती कोर्टात टिकायच्या, तर जालन्याचा निकाल समोर ठेव. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, जुलै २०२०. उमेदवारी अर्ज वेळेत भरला का, हे निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून ठरवायचं होतं, आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीला प्रमाणपत्र अनिवार्य आहे हे न्यायालयाने तिथे पक्कं केलं. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशसाठी रकाना आहे. तेव्हा प्रत उतरली की त्याच दिवशी तिचा हॅश काढून वहीत लिही, कोणत्या संगणकावर उतरली तेही लिही. वर्षभरानं आठवून भरलेलं प्रमाणपत्र उलटतपासणीत तग धरणार नाही.

शक्य तिथे तेच पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही जतन कर. तू पक्षकाराची वकील आहेस. तुझ्या घरच्या प्रतीपेक्षा तिसऱ्याच्या हातची प्रत समोरच्याला नाकारणं अवघड जातं. तिथली वेळ मात्र ग्रीनिचची असते. आपल्याकडे पहाटे तीनला जतन केलेलं पान तिथे आदल्या दिवसाच्या तारखेनं दिसतं. अर्जात वेळ लिहिताना साडेपाच तास मिळव आणि मिळवल्याचं स्पष्ट नमूद कर.

ग्रामपंचायतीच्या फलकावर काय चिकटवलं ते कुठलंही सॉफ्टवेअर बघत नाही. भूसंपादनाची अधिसूचना पंचायतीत, तहसील कार्यालयात आणि स्थानिक वृत्तपत्रांतही लागायला हवी. गावात एखादी अंगणवाडीताई किंवा दुकानदार असा धर, जो फलकाचा फोटो त्या दिवशीच्या वर्तमानपत्रासकट काढून पाठवील. त्या फोटोंची आणि तुझ्या प्रतींची फाइल एकच ठेव, तारखेच्या क्रमानं.

प्रत्येक पाळतीपुढे एक ओळ लिहून ठेव: इथे बदल झाला तर कुणाला फोन करायचा आणि कोणता अर्ज टाकायचा. ज्या पानापुढे ही ओळ लिहिता येणार नाही, ते यादीतून काढ. नोटीस सापडली की आधी सरपंचांना आणि ज्यांच्या जमिनी आहेत त्यांना कळव, मसुदा नंतर कर. गावाच्या मुदतीतला एकही दिवस आपल्या टेबलावर जाऊ नये.

तुझी यादी तयार झाली की मला पाठव. मराठी सारांश मूळ इंग्रजी अहवालाशी ताडून बघायचं काम माझ्याकडे दे. डोळे अजून चांगले आहेत आणि दुपार मोकळी असते. दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या