न कापलेला फर्मा

दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून वासण्यातल्या फ्लॅटमध्ये यायचं ठरलं, तेव्हा पहिली कुऱ्हाड पुस्तकांवर पडली. विश्वामित्री ओलांडून पश्चिमेकडच्या सोसायट्यांत आलेल्या कितीतरी बडोदेकर मराठी घरांची हीच कहाणी असेल. पस्तीवाला उंबऱ्याशी काटा मांडून बसला होता. त्याच्या ढिगातून मी एक पुस्तक मागे ओढलं, कारण त्यावर माझं नाव होतं. खाकी कव्हर, कोपऱ्यात लेबल: इयत्ता सहावी, विषय भूगोल. अक्षर मात्र आत्याचं.

आत भूगोल नव्हताच. मुखपृष्ठ फाटलेली एक कादंबरी होती. पावसाळी रात्र, गावाबाहेरचा बंगला, तिथे शिकवायला आलेली तरुणी, तिच्याशी मोजकंच बोलणारा मालक आणि वरच्या मजल्यावरची कायम कुलूपबंद खोली. पानं हाताळून मऊ पडली होती, मधेच कुठे तेलाचं बोट उमटलं होतं, कुठे हळदीचं. एकशे ब्याण्णवाव्या पानावर नायिकेच्या हाती त्या खोलीची किल्ली येते. पुढचा सोळा पानांचा फर्मा वरच्या कडेला जोडलेलाच होता. बांधणीच्या वेळी कापायचा राहून गेलेला. म्हणजे आत्याने ही कादंबरी पुन्हा पुन्हा वाचली होती आणि शेवट एकदाही वाचला नव्हता.

आत्या आमच्याकडेच राहायची. तिच्या कपाळाला कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं आणि घरात तिच्या नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. ती आमच्याकडे का राहते, हा प्रश्न मोठ्याने कुणी विचारला नाही. ती गेली तेव्हा तो प्रश्नही तिच्यासोबत गेला, असं आम्ही धरून चाललो.

प्रेम आणि रहस्य एकाच कथेत गुंफणाऱ्या कादंबऱ्यांना आपण फारशी प्रतिष्ठा दिली नाही. दुपारच्या वाचनाच्या, सर्क्युलेटिंग लायब्ररीच्या, उशीखाली ठेवायच्या गोष्टी त्या. पण शब्दाच्या मुळाशी गेलं तर ही जोडी अस्सल निघते. ‘रहस्य’ हा शब्द ‘रहस्’वरून आला, आणि रहस् म्हणजे एकांत. संस्कृतात तोच शब्द प्रेमिकांच्या एकांतालाही वापरतात. जिथे दोघंच असतात, तिथे जे घडतं ते रहस्य. तिसऱ्याने त्यात डोकावायचं ठरवलं की कथा सुरू होते.

कालिदासाने हे ओळखलं होतं. ‘अभिज्ञानशाकुंतला’तलं अभिज्ञान म्हणजे ओळखीची खूण, आजच्या भाषेत पुरावा. दुष्यंत शकुंतलेला ओळखत नाही आणि ती दाखवायला जाते तर बोटात अंगठी नसते. सहाव्या अंकाच्या आरंभी तर चक्क पोलिसी चौकशी आहे: राजाची अंगठी विकायला आलेल्या कोळ्याला शिपाई दरडावतात, मारतात आणि तो माशाच्या पोटाची हकिकत सांगतो. जगातल्या एका श्रेष्ठ प्रेमनाट्याचा उलगडा मुद्देमालाच्या जप्तीतून होतो. मराठी कादंबरी बाळसं धरत होती तेव्हाही हाच साचा तिच्या कामी आला. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. कारस्थानं, ताटातूट, संकटं आणि शेवटी मीलन. समाजाचं वास्तव चित्र रंगवण्याच्या बरोबरीनेच आपल्या कादंबरीने प्रेम लपवायला आणि शोधायला शिकून घेतलं.

पण अशी कादंबरी माझ्या शहरात त्याच काळात कागदाबाहेर घडली होती. तिचा नायक बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड.

मे १८७४ मध्ये मल्हाररावांनी नवसारीला लक्ष्मीबाईंशी लग्न केलं. ऑक्टोबरात मुलगा झाला. विवाहाच्या वैधतेवरच शंका घेतली गेली होती आणि ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांनी या लग्नाला मान्यता द्यायचं नाकारलं. मूल वारस ठरणार की नाही, हे आता एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या शब्दावर होतं. २ नोव्हेंबरला महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता धाडून फेअर यांना हलवण्याची मागणी केली. ९ नोव्हेंबरला सकाळी फेअर यांनी रोजच्यासारखं पपनसाचं सरबत हाती घेतलं, दोन घोट घेतले, बरं वाटेना म्हणून बाकीचं फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांना त्यात काही चकाकताना आढळलं. मुंबईच्या रासायनिक तपासणीने निर्वाळा दिला: सोमल. सोबतची चकाकणारी पूड हिऱ्याची असावी, असं बोललं गेलं.

पुढचा तपास वाचताना पानं आपोआप उलटली जातात. रेसिडेन्सीचा हवालदार रावजी याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. ती त्याने ठेवली की पोलिसांनी, हा वाद कधीच मिटला नाही. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत माफीचे साक्षीदार झाले. रेसिडेन्सीतल्या अमीना आयाच्या साक्षीत तर वेगळाच धागा निघाला: साहेबांचं मन वळवायला काही जादू करता येईल का, अशी विचारणा वाड्यात झाली होती. वशीकरणाचं चूर्ण आणि विषाची पूड यांत फरक कुठे सुरू होतो? ज्याच्या हातात पेला आहे, त्याला तो फरक कळायला दोन घोट लागतात.

विषप्रयोगाचा ठपका महाराजांवर आला आणि फेब्रुवारी १८७५ मध्ये सहा जणांचं कमिशन बसलं. विलायतेहून वकील सार्जंट बॅलंटाइन महाराजांचा बचाव करायला आले. तिन्ही इंग्रज सदस्यांना आरोप सिद्ध वाटला. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे यांना वाटला नाही. तोच पट्टा, तीच पुडी, त्याच साक्षी. वाचन मात्र दोन. सरकारने मग विषाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणावर एप्रिलमध्ये महाराजांना पदच्युत केलं आणि मद्रासला धाडलं. १८८२ साली ते तिथेच वारले.

मला या प्रकरणात पेल्यापेक्षा जास्त छळतात त्या लक्ष्मीबाई. कमिशनच्या कागदांत पपनसाचा रस आहे, गाळ आहे, कोण कोणत्या रात्री कुठे गेलं याचा तपशील आहे. ज्या बाईच्या लग्नावरून एवढं रामायण झाल्याचं मानलं गेलं, तिचं या माणसावर प्रेम होतं का, भीती होती का, की दोन्ही एकाच वेळी, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. कायद्याच्या दृष्टीने तो पुरावाच नव्हता.

इथे कादंबरी कायद्याच्या पुढे जाते. दफ्ने द्यु मोरिये यांची ‘रेबेका’ १९३८ सालची. ‘कोहरा’ या १९६४च्या हिंदी चित्रपटामुळे आपल्याकडेही ती घरोघरी पोहोचली. मेलेल्या पहिल्या बायकोचं नाव पुस्तकाला आहे आणि सबंध कथा सांगणाऱ्या दुसरीचं नाव शेवटपर्यंत कळत नाही. नवरा तिला कबुली देतो की पहिलीला त्यानेच मारलं. ते ऐकताना तिच्या मनात हायसं वाटण्याची एक लहर येते, कारण याचा अर्थ त्याचं पहिलीवर प्रेम नव्हतं. न्यायाधीश जो पुरावा खुनाचा म्हणून वाचेल, तो ती प्रेमाचा म्हणून वाचते. वाचकाला तिचा राग यायला हवा. येत मात्र नाही, आणि मग स्वतःचीच थोडी भीती वाटते.

प्रेम आणि संशय यांचं वाचनसाहित्य एकच असतं. उशिरा येणं, अर्धवट पत्र, नाव निघताच बदललेला आवाज, खिशातलं तिकीट. प्रेमात पडलेला माणूस आणि पाळतीवरचा माणूस या गोष्टींकडे सारख्याच एकाग्रतेने पाहतात. दुसऱ्या कुणाकडे इतक्या बारकाईने आपण कधी पाहत नाही. म्हणून या कादंबऱ्यांत ‘हे कुणी केलं’ हा वरवरचा प्रश्न असतो. खालचा प्रश्न असतो, ‘कळल्यावर तू थांबशील का?’

इकडे बडोद्यात मल्हाररावांची गादी गेली आणि त्यांच्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंनी मे १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक घेतला. तोच पुढे महाराज सयाजीराव झाला. त्यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण सुरू केलं, १९०६ साली ते राज्यभर नेलं, मुलींसकट. १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून वाचनालयांचं जाळं विणलं. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली काचेची जमीन आजही वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरू देते. एका पेल्यातल्या गाळापासून निघालेली ही वाट आमच्या आजीच्या हातातल्या पहिल्या पुस्तकापर्यंत येते आणि तिथून आत्याच्या खाकी कव्हरापर्यंत. राज्याने बायकांना वाचायला शिकवलं; काय वाचतो हे लपवायला मात्र त्या स्वतःच शिकल्या. माझा भूगोल त्यासाठी कामी आला.

वासण्यातल्या घरात सामान लागल्यावर एका रात्री मी स्वयंपाकघरातून भाजीची सुरी आणली आणि तो फर्मा कापला. सोळा पानांत सगळं उरकलं होतं. खोलीत खलनायकाने दडवलेली कागदपत्रं होती, खलनायक म्हणजे बंगल्याचा दिवाणजी, मालक निर्दोष, शेवटच्या पानावर मुंडावळ्या. असलाच शेवट असणार हे आत्याला ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही. इतक्या कादंबऱ्या वाचलेली बाई ती. तरी ती दर वेळी किल्ली हातात घेतलेल्या मुलीपाशी येऊन थांबली. निर्दोष निघालेला मालक तिला नको होता का? की खोली उघडणाऱ्या बाईचं पुढे काय होतं, ते तिने पुस्तकाबाहेर पाहिलं होतं? हे मला कुठल्याच फर्म्यात मिळणार नव्हतं.

सुरी फारशी धारदार नव्हती. पानांच्या वरच्या कडा दातेरी फाटल्या आहेत. उद्या माझ्या मुलीने हे पुस्तक उघडलं, तर माझ्या आत्याने ते शेवटापर्यंत वाचलं होतं, असंच तिला वाटेल. आत्याने मागे ठेवलेला एकुलता एक पुरावा मीच बिघडवून ठेवला आहे.