पुतळ्यापुढे पसरलेला हात

अथेन्सच्या रस्त्यात तत्त्वज्ञ डायोजिनीस एका पुतळ्यापुढे हात पसरून उभा होता. कुणीतरी कारण विचारलं, तर म्हणाला, नकार पचवायचा सराव करतोय. हा किस्सा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला आणि तो येतो सुमारे सहाशे वर्षांनी लिहिलेल्या चरित्रात, त्यामुळे शपथेवर घेण्यासारखा नाही. त्याच चरित्रातला दुसरा किस्सा अधिक बोचरा आहे. लोक भिकाऱ्याला देतात, तत्त्वज्ञाला का देत नाहीत? डायोजिनीसचं उत्तर असं की, आपण आंधळे-पांगळे होऊ ही धास्ती सगळ्यांना असते, तत्त्वज्ञ होण्याची कुणालाच नसते.

मग नाणं नेमकं कुणाला दिलं जातं, समोरच्या माणसाला की आपल्याच भीतीला?

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काळ आणि पात्र पाहायला सांगितलं आहे. शिवाय परतफेडीची अपेक्षा ठेवायची नाही. रस्त्यावर यातलं पात्रच तेवढं लोकांच्या लक्षात राहतं. धडधाकट दिसतोय, काम का करत नाही? पैसे दिले तर दारू पिईल. परीक्षा कायम घेणाऱ्याची.

अमेरिकी कृष्णवर्णीय कलावंत पोप.एल (१९५५–२०२३) याने ही परीक्षाच उलटी फिरवली. १९९०च्या दशकात न्यूयॉर्क शहराने एटीएमच्या आसपास भीक मागण्यावर निर्बंध आणले. तेव्हा डॉलरच्या नोटांचा घागरा नेसून, आठ फुटी सॉसेजच्या माळेने त्याने स्वतःला मॅनहॅटनमधल्या एका बँकेच्या दाराशी बांधून घेतलं. मागायला नव्हे, आत जाणाऱ्यांना नोटा वाटायला. पोलीस तरीही आलेच! पैसे कुठल्या दिशेने जाताहेत याला फारसं महत्त्व नव्हतं, उघडा माणूस बँकेच्या दारात असणं हाच गुन्हा होता.

आपल्याकडचा १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदाही असाच गोंधळलेला. गाणं, नाच, भविष्यकथन, खेळ करून दाखवणं अशा कुठल्याही निमित्ताने सार्वजनिक जागी मागितलं, तर ती त्याच्या लेखी भीकच. शब्दशः वाचला तर वासुदेव आणि बहुरूपीही त्यात सापडतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये यातली बरीच कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती.

पोप.एलवर सर्वांत कडक आक्षेप घेतला तो एका वाटसरूने. १९९१च्या उन्हाळ्यात, बेघरांना नुकतंच हुसकावलेल्या टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कच्या कडेने पोप.एल सूट घालून, हातात फुलाची कुंडी धरून गटारालगत सरपटत होता. एक कृष्णवर्णीय रहिवासी खवळला. आधी त्याने गोऱ्या कॅमेरामनला धारेवर धरलं. मग म्हणाला, असाच सूट घालून मी कामावर जातो.

हा राग सहज झटकता येत नाही. दैन्याचं सोंग घेणारा संध्याकाळी घरी जातो. बौद्ध भिक्षूने मागणं स्वतःच निवडलेलं असलं, तरी उद्याही त्याला तेच पात्र घेऊन निघायचं असतं. पोप.एलचे काही नातलग मात्र खरोखर रस्त्यावर राहिलेले होते. त्या रहिवाशाला हे आधी कुणी सांगितलं असतं, तर तो शांत झाला असता की आणखी भडकला असता?