न दिसणारा आधार

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ भागातल्या अभ्यासिका रात्री ओसरू लागल्या की चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास कानावर येतो : ‘माझं होईल ना रे?’ लोकसेवा आयोगाची पूर्व परीक्षा झालेली असते, उत्तरतालिका आलेली असते, कट-ऑफचे अंदाज मोबाईलवर फिरत असतात. सोबतचा मित्र म्हणतो, ‘होणारच! तू हुशार आहेस.’ ग्लास रिकामा व्हायच्या आत तोच प्रश्न पुन्हा येतो. उत्तरही तेच, फक्त आवाज चढलेला. चार दिवसांनी मित्राचा धीर सुटतो, आणि त्याच्या कपाळावरच्या आठीत विचारणाऱ्याला हवा तो पुरावा मिळतो : बघ, यालाही मी नकोसा झालोय.

नैराश्यात माणसं वारंवार दिलासा मागतात, देणारे देता देता कंटाळतात, तो कंटाळा लपत नाही आणि मग दिलासाच खोटा वाटू लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी हे चक्र 1976 मध्ये मांडलं. आपल्या घराघरांत ते रोज फिरताना दिसतं.

दिलासा टिकत का नाही? ‘माझं होईल ना?’ या प्रश्नाच्या पोटात ‘नाही झालं तर माझी किंमत काय?’ हा प्रश्न दडलेला असतो. ‘तू हुशार आहेस’ म्हणणारा निकाल त्याच्या बाजूने देतो खरा, पण खटला चालूच राहतो. उद्या पुन्हा तारीख. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अल्बर्ट एलिस यांचा आक्षेप या खटल्यालाच होता. कृतीला गुण द्या, चुकलं तर चुकलं म्हणा, पण अख्ख्या माणसाला गुण देऊ नका, असं ते सांगत. कि. मो. फडके यांनी मुंबईत राहून ही विचारसरणी भारतात रुजवली. आत्मविश्वास वाढवण्याच्या आजच्या घोषणांपेक्षा मला ती फार खोल वाटते. त्या घोषणा उलटतात, हेही दिसून आलंय. जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ‘मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे’ हे वाक्य मनाशी घोकल्यावर स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्यांना आणखी वाईट वाटलं.

मग करायचं काय? नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांचा 2000 सालचा एक अभ्यास मला या बाबतीत सगळ्यात मोलाचा वाटतो. न्यूयॉर्कमधल्या वकिलीच्या परीक्षेला बसलेली माणसं आणि त्यांचे जोडीदार रोज नोंदी ठेवत होते : आज आधार दिला का, आज आधार मिळाला का. जोडीदाराने दिलेला, पण परीक्षार्थीच्या नोंदीत न आलेला आधार सर्वांत गुणकारी ठरला. आधार मिळाल्याचं जाणवलं की ‘मी एकट्याने पेलू शकत नाही’ हेही जाणवत असावं.

आपल्याकडे असा आधार देणारी माणसं कमी नाहीत. मुलाच्या मागच्या अटेम्प्टचा विषय निघणार हे ओळखून मामांना आधीच गच्चीवर घेऊन जाणारी आई. मेसचा डबा आपल्याबरोबर त्याचाही आणणारा आणि त्याबद्दल चकार शब्द न काढणारा रूम-पार्टनर. ‘मला इतिहासाचा हा भाग नीट कळत नाही, तू समजावतोस का?’ असं खरोखर अडलेलं असताना विचारणारी मैत्रीण. मात्र ‘तोंडावर कौतुक केलं तर शेफारेल’ म्हणून गप्प राहणारे वडील मी यात धरत नाही. त्यांनी काहीच केलेलं नसतं, आणि पोराला ते बरोबर कळतं.

‘होईल ना?’ला ‘मला माहीत नाही’ हे प्रामाणिक उत्तर द्यायला बिचकू नये. पुढे एवढंच म्हणावं, ‘नाही झालं तरी रविवारी आपण सिंहगडावर जायचंय.’ आणि रविवारी खरंच जावं. अशा माणसाला तुमच्या शब्दांपेक्षा तुमचा नेम जास्त पटतो. फोन घेणं जमणार नसेल तर ‘नऊनंतर करतो’ सांगावं आणि नऊनंतर करावा. दिवसभर उपलब्ध राहून चिडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

झोप उडाली, जेवण सुटलं, ‘मी नसलेलाच बरा’ अशी भाषा आली, की मात्र आडपडदा ठेवू नये. जिवाचं बरंवाईट करून घ्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. नंबर आपणच लावून द्यावा, डॉक्टरकडे जाताना बरोबर जावं, आणि घरच्यांपैकी कुणाला सांगायचं हे त्यालाच विचारून ठरवावं. जीव धोक्यात दिसला तर त्याच्या परवानगीसाठी थांबू नये.