पॅडॉकमधलं पोर कुणाचं?

मोटारसायकलच्या शर्यतीत ट्रॅकच्या मागे जो भाग असतो त्याला पॅडॉक म्हणतात. ट्रक, तंबू, टायरच्या चवडी, पेट्रोलचे कॅन, जनरेटरचा घरघराट आणि या सगळ्यातून घाईघाईने वाट काढणारी संघांची माणसं. इथे ये-जा करायला छोट्या पिट बाइक वापरतात, आणि शर्यतीला घरच्यांबरोबर आलेल्या पोरांचा डोळा त्या बाइकवर असतो. त्यामुळे अनेक आयोजकांच्या नियमावलीत एक कलम हमखास सापडतं: परवाना नसलेल्या किंवा ठरावीक वयाखालच्या मुलांनी पॅडॉकमध्ये गाडी चालवायची नाही, जे चालवतील त्यांनी हेल्मेट घालायचं आणि वेग माणसाच्या चालीइतका ठेवायचा. वरवर पाहता हा नियम हास्यास्पद वाटतो. जागतिक मोटारसायकल महासंघाने 2021मध्ये मिनी जीपी ही मालिका सुरू केली. तिच्यात दहा ते चौदा वर्षांची मुलं 160 सीसीच्या गाड्या पळवतात. म्हणजे जो मुलगा दुपारी वळणावर गुडघा जमिनीला टेकवून गाडी झुकवतो, त्याच मुलाला संध्याकाळी तंबूपासून नळापर्यंत गाडीवर जायला मनाई! मुलांचे वडील यावर चिडतात, आणि त्यांचा सवाल बिनतोड वाटतो: मोठा धोका चालतो, मग छोटा का चालत नाही?

सवाल बिनतोड वाटतो, कारण त्यात गृहीत धरलंय की नियम धोका मोजायला बसलाय. माझ्या मते तो मोजतोय वेगळीच गोष्ट: या धोक्याचा जाब कोण देणार? ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेने धावतात. वळणावळणावर झेंडा घेतलेला मार्शल उभा असतो, रुग्णवाहिका तयार असते, मुलाच्या अंगावर चामड्याचा सूट असतो, आणि तिथल्या प्रत्येक माणसाचं लक्ष त्या क्षणी एकाच गोष्टीवर असतं. काही बिघडलं तर कोणाला विचारायचं हे आधीच ठरलेलं असतं. पॅडॉकमध्ये यातलं काहीच नाही. मागे येणाऱ्या ट्रकच्या आरशात जेमतेम कमरेइतक्या उंचीची बाइक आणि तिच्यावर वाकून बसलेलं पोर दिसतच नाही; जनरेटरच्या आवाजात त्या छोट्या इंजिनाचा आवाजही विरून जातो. चाक हातात घेऊन वळणाऱ्या मेकॅनिकने, कडेवर बाळ असलेल्या बाईने शर्यतीत भाग घ्यायला होकार दिलेला नाही. आणि वडिलांना वाटतं पोरगं काकाजवळ आहे, काकाला वाटतं वडिलांजवळ. धोका लहान असेल, पण तो बेवारस आहे.

लहान मुलाला अवघड वाटेवर कधी सोडायचं, हा प्रश्न इंजिनापेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि त्यावरचा सर्वांत काटेकोर विचार मला बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, आढळतो. त्यातल्या महावग्गात राजगृहातल्या सतरा मुलांची गोष्ट आहे. त्यांतल्या उपालीचे आईवडील आपल्यामागे मुलाचं कसं होणार या काळजीत असतात. लेखनाचं काम शिकवलं तर बोटं दुखतील, हिशेब शिकवला तर छाती दुखेल, नाणी पारखायला लावलं तर डोळे दुखतील. त्यापेक्षा भिक्षूंचं बरं, असं त्यांना वाटतं. उपाली ते ऐकतो, मित्रांना गोळा करतो, सगळ्यांचे आईबाप परवानगी देतात आणि मुलांना पूर्ण दीक्षा मिळते. पहाटेच्या आधीच पोरं उठून पेज मागत रडू लागतात. यावर बुद्धाने नियम केला की वीस वर्षांखालच्या कोणाला पूर्ण दीक्षा द्यायची नाही. कारण दिलं ते सोसण्याच्या ताकदीचं: थंडी, ऊन, भूक, तहान, कडू बोल या वयात सोसवत नाहीत. भिक्षूचा मार्ग वाईट आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. मुलांची इच्छा खोटी होती असंही नाही. आईवडिलांची संमती तर होतीच. तरी दोन्ही अपुरी ठरली. त्याहून लक्षात घेण्यासारखं म्हणजे, नियम मोडला तर दोष मुलाकडे जात नाही. जाणूनबुजून दीक्षा देणाऱ्याला प्रायश्चित्त सांगितलंय. त्याआधीच्या पायरीवर, श्रामणेर म्हणून, लहान मुलाला जागा आहे. पण तिथेही आईवडिलांची परवानगी लागते आणि शिकवणारा गुरू ठरलेला असतो. मिनी जीपीचा ट्रॅक ही श्रामणेराची पायरी मानली, तर पॅडॉक म्हणजे गुरूविना सोडलेलं अंगण.

आता इच्छेचा मुद्दा. मुलाला गाडी मनापासून हवी असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. व्हॅलेंटिनो रॉसी इटलीच्या एड्रियाटिक किनाऱ्यावर मिनिमोटो चालवत घडला, जपानचा दाइजिरो कातो पॉकेट बाइकवर. या खेळात उशिरा सुरुवात करून शिखर गाठणारे विरळाच. पण मुलाची हौस खरी असली म्हणून मोठ्यांची सुटका होते का? द्रोणपर्वात चक्रव्यूह भेदायला अभिमन्यू निघतो तो आपखुशीने, उत्साहाने. आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही, हे तो आधीच सांगतो. आम्ही मागोमाग येतो, असा शब्द मोठे देतात आणि जयद्रथ त्यांना दारातच अडवतो. अभिमन्यू पडल्यावर युधिष्ठिर जो शोक करतो तो मला या विषयावरचा शेवटचा शब्द वाटतो. तो स्वतःच तयार झाला होता, असं युधिष्ठिर म्हणत नाही. जेवणात, वाहनात, शय्येत, दागिन्यांत ज्या पोराला पुढे करायचं, त्याला आपण युद्धात पुढे केलं, असा दोष तो स्वतःकडे घेतो. मुलाचा होकार होता. पण तो होकार मोठ्यांच्या कामी येणार नाही, हे धर्मराजाला कळतं. जॉन स्टुअर्ट मिलनेही 1859मध्ये व्यक्तिस्वातंत्र्याची एवढी कड घेताना अजाण वयाच्या मुलांना त्या तत्त्वातून बाजूला ठेवलं होतं, ते याच जातीच्या कारणाने.

हा युक्तिवाद मान्य केला की तो पॅडॉकपाशी थांबत नाही, ट्रॅकवरही येतो. आणि तिथे आयोजकांना तो तितकासा सुखाचा वाटणार नाही. 2021च्या जुलैमध्ये आरागॉनला चौदा वर्षांचा ह्यूगो मिलान गेला, सप्टेंबरमध्ये हेरेसला पंधरा वर्षांचा दीन बेर्ता विन्यालेस. दोघेही पडल्यानंतर मागून येणाऱ्या गाडीच्या तडाख्यात सापडले. हे नशिबावर ढकलता येत नाही. नवशिक्यांच्या वर्गात गाड्या जवळजवळ सारख्या ताकदीच्या असतात, त्यामुळे कोणी सुटून पुढे जात नाही, पंधरा-वीस जणांचा घोळका चिकटून पळतो, आणि मधला एक पडला तर मागच्याला वळायला जागाच उरत नाही. सूट आणि हेल्मेट जमिनीशी होणाऱ्या टकरीसाठी उत्तम, अंगावर येणाऱ्या गाडीपुढे त्यांचं फार चालत नाही. शिवाय ती मागची गाडी चालवणाराही बहुधा पोरच असतो, आणि पुढचं सगळं आयुष्य त्याला ते घेऊन जगायचं असतं. त्याच्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. त्यानंतर महासंघाने किमान वय टप्प्याटप्प्याने वाढवलं, 2023पासून ग्रां प्रीसाठी ते साधारणपणे अठरा झालं, आणि कनिष्ठ वर्गांत एका वेळी उतरणाऱ्या गाड्याही कमी केल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा अपघातात गेला. जाब देणारा ठरलेला असणं ही परवानगीची पहिली अट आहे, पुरेशी अट नव्हे. रचनाच जर घोळका घडवत असेल, तर रचना करणाऱ्याला जाब विचारावाच लागतो.

यावर एक आक्षेप आपल्याकडून येतो, आणि तो मला जवळचा वाटतो. गावाकडची पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, झाडावरून पडतात, पुन्हा चढतात. प्रत्येक गोष्टीला वयाची अट घातली तर पोरं भित्री निपजतील. खरं आहे. पण विहिरीच्या काठावर दोर धरून कोणीतरी उभं असतं, आणि पोहणाऱ्या पोरामुळे वाटेने जाणाऱ्याला इजा होत नाही. दहीहंडीत सगळ्यात वरच्या थरावर हलकं म्हणून लहान मूल चढवतात. तिथे वाद न्यायालयात गेला आणि 2017मध्ये मुंबई उच्च न्यायालयात चौदा वर्षांखालची मुलं चढवणार नाही अशी हमी सरकारला द्यावी लागली. गोविंदांची हौस त्याने मेली नाही.

उरतो प्रश्न अंमलाचा. आपल्या मोटार वाहन कायद्याचं चौथं कलम अठरा वर्षांखाली गाडी चालवू देत नाही, सोळाव्या वर्षानंतर 50 सीसीपर्यंतची मोटारसायकल तेवढी चालते; पण हे सगळं सार्वजनिक ठिकाणापुरतं. पास घेऊन आत सोडतात त्या पॅडॉकला ते लागू होतं का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. म्हणून आयोजकाचं कलम महत्त्वाचं. 2019च्या दुरुस्तीने आलेल्या 199अ कलमात विनयातलंच सूत्र दिसतं: अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. उलट हौशी शर्यतींच्या काही नियमावल्या घरच्यांच्या वागण्याचा भार स्पर्धकावर टाकतात, म्हणजे बापाने ऐकलं नाही तर अकरा वर्षांच्या पोराची शर्यत जाते. शिस्त लागायला ते सोयीचं असेल, पण उलटं आहे. पॅडॉकमध्ये मुलाने बाइक न्यायची तर इंजिन बंद करून ढकलत न्यावी, किल्ली ज्याचं नाव प्रवेशअर्जावर आहे अशा मोठ्या माणसाच्या खिशात असावी, आणि ती सुटली तर दंड त्याच्याकडूनच घ्यावा. पोराचे गुण कापून नव्हे.