वैद्य आणि वेतन

दिवाळी तोंडावर आली की आमच्या भिवंडीत, धामणकर नाक्यावर, दोनच विषय कानांवर येतात. एक सुताचा भाव आणि दुसरा बोनस. पद्मानगरच्या बाजूने मागांची खडखड चालू असते आणि चहाच्या टपरीवर कोणाला किती मिळाले, कोणाच्या तोंडाला पाने पुसली गेली, याचा हिशेब चालू असतो. कारागीर मालकाला नावे ठेवतो, मालक व्यापाऱ्याला, व्यापारी सरकारला. पगाराचे बोलणे म्हणजे काही हलके बोलणे, असे यांतल्या कोणाच्याही मनात येत नाही. घाम गाळला त्याचा दाम मागावा, यात लाजायचे काय?

पण याच नाक्याच्या आसपास पहिल्या मजल्यांवर दवाखान्यांच्या पाट्याही दाटीने लागलेल्या आहेत. त्या पाटीमागे बसलेला तरुण डॉक्टर पुष्कळदा त्या दवाखान्याचा धनी नसतो. तो पगारी असतो. त्याने बोनसचा शब्द काढला, चार सोबती गोळा करून ‘आम्ही युनियन काढतो’ असे म्हटले, तर आपण सगळेच चपापतो. खालच्या कारागिराने म्हटले तर न्याय, वरच्या डॉक्टराने म्हटले तर अधर्म! हे असे का वाटते, आणि वाटते ते बरोबर आहे का, याचा विचार गेले काही महिने माझ्या डोक्यात आहे. माझी पुतणी दातांची डॉक्टर आहे, आणि तिने व तिच्या सोबत्यांनी अशा संघटनेचा घाट घातला, हे त्याचे निमित्त.

शब्दांचीच गंमत पाहा. वॉर्डबॉयची ती ‘युनियन’, परिचारिकांची ‘संघटना’ आणि डॉक्टरांचे ‘असोसिएशन’. काम तेच, पण लाल झेंड्याचा रंग उतरवण्यासाठी इंग्रजी शब्दाची थोडी जास्त इस्त्री. आपल्या निवासी डॉक्टरांची ‘मार्ड’ ही तशी असोसिएशनच. पण संप करायची वेळ आली तेव्हा तिने तो कामगारांसारखाच केला. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्याच्या रुग्णालयात एका डॉक्टरला जमावाने अमानुष मारहाण केली, आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची कानउघाडणी केली. कारखान्यातल्या कामगारांसारखे तुम्ही वागू नका, असा तिचा आशय होता. धामणकर नाक्यावर राहणाऱ्या माणसाने हा आशय वाचला की त्याला दोन्ही बाजूंनी बोचतो. डॉक्टर कामगारासारखा नाही, हे घटकाभर मान्य करू. पण कामगारासारखे वागणे हे एवढे खाली का मानायचे?

आणि तो खरोखर किती निराळा आहे? भिवंडीचा माग चालवणारा बारा बारा तासांची पाळी करतो. आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा १९४८ सालच्या कारखाना कायद्यापासून आहे. पण कारखान्याचे कागदावर तुकडे पाडले की ती मर्यादा भिंतीवरच्या कॅलेंडराइतकीच उपयोगाची. निवासी डॉक्टरांसाठीही केंद्र सरकारची १९९२ सालची योजना आहे. तिच्यात सलग काम साधारणपणे बारा तासांपलीकडे नसावे आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास असावेत, असेच लिहिलेले आहे. तोच आकडा! आणि मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या कोणत्याही निवासी डॉक्टरला हा आकडा सांगून पाहा. तो आधी हसेल, मग घड्याळाकडे पाहून पळेल. छत्तीस तास जागलेला माणूस शिरेत सुई शोधत असतो तेव्हा त्याच्या श्रमाचा प्रश्न त्याचा एकट्याचा राहत नाही, तो त्या शिरेचाही होतो.

आपल्याकडे सेवेची भाषा फार जुनी आहे आणि तिची टवाळी करण्याचे मला कारण दिसत नाही. चरकसंहितेत शिष्याला अग्नीच्या साक्षीने सांगितले जाते की, स्वतःचा जीव पणाला लागला तरी रोग्याचा द्रोह करू नकोस. हे सर्वांना ठाऊक असते. भाषणांतून सांगितलेही जाते. पण सुश्रुताच्या सूत्रस्थानात याच प्रसंगी आणखी एक गोष्ट आहे, ती भाषणांतून गळते. तिथे गुरूही शपथ घेतो. तू नीट वागत असताना मी जर तुझ्याशी उलटा वागलो, तर मी पापाचा धनी होईन आणि माझी विद्या निष्फळ होईल, अशा अर्थाचे तो बोलतो. म्हणजे ती शपथ एकतर्फी नव्हती. जो राबणार त्यानेही बांधून घ्यायचे आणि जो राबवून घेणार त्यानेही. आता शिष्याची शपथ पदवीदानाच्या समारंभात उरली आहे. गुरूची शपथ मात्र रुग्णालयाच्या मालकाने, नगरपालिकेने किंवा सरकारने घेतल्याचे ऐकिवात नाही. एका हाताने टाळी वाजवायला सांगायचे आणि वाजली नाही की त्या हातालाच दोष द्यायचा, असा हा प्रकार आहे.

कोणी म्हणेल, डॉ. कोटणीस पाहा. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणिसांनी १९३८ साली चीनची वाट धरली, युद्धाच्या धामधुमीत दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी देह ठेवला. त्यांच्यापुढे मान लवते. पण कोटणिसांचा त्याग थोर झाला तो त्यांनी स्वतः पत्करला म्हणून. तोच त्याग मालकाने नोकराच्या करारात कलम म्हणून घातला तर त्याला त्याग म्हणता येत नाही. ती वेठ होते. दुसऱ्याच्या पाठीवर थोरपण लादायला खर्च काही लागत नाही, म्हणूनच बहुधा आपण ते इतक्या सढळ हाताने लादतो.

आता कायद्याकडे वळू. १९६० सालच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहाबाबत एक निकाल दिला. वॉर्डात काम करणाऱ्या दोन बायांना नुकसानभरपाई न देता कमी केले होते आणि ‘हॉस्पिटल मजदूर सभा’ त्यांच्या वतीने भांडत होती. रुग्णालय हा ‘उद्योग’ आहे का, असा प्रश्न होता. साताऱ्याचे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी ‘आहे’ असे उत्तर दिले. १९७० साली दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात न्यायालयाने हे मत फिरवले आणि १९७८ साली बंगळूरच्या पाणीपुरवठ्याच्या गाजलेल्या निकालात ते पुन्हा जागेवर आणले. म्हणजे रुग्णालय उद्योग ठरले, झाडूवाला कामगार ठरला. पण डॉक्टर? १९८८ मध्ये गोव्याच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की शाळा उद्योग असेल, परंतु शिक्षक हा त्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे. त्याचे कार्य उदात्त आहे. या उदात्ततेने त्या बाईंची दाद मागण्याची एक वाट बंद केली. डॉक्टरला लावायचे म्हटले तर तर्क तोच लागतो. २०२५ च्या नोव्हेंबरात तो जुना कायदा जाऊन नवी औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. पण आपल्या मनातला कायदा बदलायला अवकाश आहे. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाला पोट नसते, अशी आपली सोयीची समजूत आहे.

येथवर मी पुतणीच्या बाजूने बोललो. तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, हे पटत नाही. “डॉक्टर झालीस ती झेंडा धरायला?” असे त्यांनी तिला विचारले. ती म्हणाली, “बाबा, खाली माग चालवणारा मीटरवर पैसे घेतो, मी रूट कॅनॉलवर घेते. त्याला निदान कोणी देवमाणूस म्हणत नाही.”

तिची नोकरी एका खासगी दवाखान्यात आहे. ठरावीक पगार, आणि महिन्याच्या ‘टार्गेट’च्या वर काम झाले तर टक्केवारी. तिच्या एका मैत्रिणीने बाळंतपणाची रजा मागितली, तेव्हा तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असे गोड शब्दांत सांगण्यात आले. हे वाईट खरेच. पण मला अधिक हलवून गेली ती दुसरीच गोष्ट. टार्गेट पुरे होत नसले की जो दात नुसता भरून भागेल त्याला टोपी घालायला सुचवले जाते. सुचवले म्हणजे हुकूम नव्हे; पण पगार देणाऱ्याची सूचना आणि हुकूम यांतले अंतर फारसे नसते. समोर खुर्चीत बसलेला असतो तोच खालचा कारागीर, तोंड उघडे ठेवून, डोळे मिटून. त्याला काय कळणार? त्या क्षणी ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्या पोरीला कोण देणार? शपथ? शपथ आहेच, पण शपथेला घरभाडे भरता येत नाही. तिच्या मागे चाळीस जण उभे असले तर ती ‘नाही’ म्हणू शकेल. पगारी वैद्याच्या संघटनेच्या बाजूने मला दिसणारे सर्वांत वजनदार कारण हे आहे.

तिने वडीलधाऱ्या व्यावसायिक संस्थेकडे का जाऊ नये, असेही भावाने विचारले. अडचण अशी की डॉक्टरांच्या त्या जुन्या संस्थांत दवाखान्याचा धनी आणि त्याचा पगारी डॉक्टर एकाच सतरंजीवर बसतात. आमच्या यंत्रमागांतही हेच आहे. मालक आणि कारागीर पुष्कळदा एकाच बिरादरीचे, एकाच गावचे. लग्नाच्या पंगतीला मांडीला मांडी लावून बसणारे. अशा ठिकाणी भांडण करणे म्हणजे घर फोडणे वाटते, आणि हा भिडस्तपणा नेहमी एकाच बाजूच्या फायद्याचा ठरतो.

मात्र संघटना आली की संपाचा प्रश्न मागोमाग येतो, आणि तिथे माझी गाडी अडते. संपाचे हत्यार म्हणजे काय, हे मुंबईला एका डॉक्टरनेच शिकवले. दत्ता सामंत हे घाटकोपरला दवाखाना चालवणारे वैद्य. श्रमिक रोग्यांचे हाल पाहता पाहता ते त्यांचे पुढारी झाले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यांच्या मागे संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या बसल्या आणि त्यांचे कितीतरी काम आमच्या भिवंडीच्या मागांवर आले. संप फसला तरी त्यात एक हिशेब सरळ होता. गिरणी थांबली की मालकाचे नुकसान होई.

सरकारी रुग्णालय थांबले की सरकारचे काय नुकसान होते? उलट औषधे वाचतात. नुकसान होते ते त्याचे, ज्याला खासगीत जाणे परवडत नाही. आमच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयातून एरवीच रोग्यांना ठाण्याला, कळव्याला पाठवावे लागते. तिथेही दार बंद असले तर त्याने कुठे जावे? ज्याच्याशी भांडण आहे त्याला लागत नाही आणि ज्याच्याशी नाही त्याला लागते, असे हे हत्यार आहे. तातडीचे विभाग चालू ठेवतो, असे संपकरी सांगतात आणि बहुधा ठेवतातही. पण बाह्यरुग्ण विभागातून परत गेलेल्या माणसाची एका दिवसाची मजुरी बुडालेली असते, ती कोणत्याच यादीत लागत नाही.

आणि इथे एक विचित्र गोष्ट माझ्या ध्यानात आली. खासगी दवाखान्यातल्या पगारी दंतवैद्यांनी चार दिवस काम बंद ठेवले तर रोगी रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात जाईल. झळ लागेल ती धन्याला. म्हणजे जिथे लागायला हवी तिथेच. ज्यांचा संप नीतीच्या तराजूत सर्वांत हलका, त्यांच्यापाशी संघटना नाही. ज्यांचा सर्वांत जड, त्यांच्यापाशी ती आहे, आणि तिला तो वारंवार करावाही लागतो, कारण त्याशिवाय मंत्रालयाचे दार उघडत नाही. २०१४ च्या जुलैत सरकारी वैद्यकीय अधिकारी संपावर गेले, २०२४ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर निवासी डॉक्टर. मारहाणीविरुद्ध आपल्या राज्यात २०१० पासून कायदा आहे. कायदा असूनही संप करावा लागतो, याचा जाब संपकऱ्यांइतकाच कायदा राबवणाऱ्यांनाही विचारायला हवा.

संप हा पगारी माणसाचाच दुर्गुण आहे असेही नव्हे. १९६२ च्या जुलैत कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात डॉक्टरांनी तेवीस दिवस काम बंद ठेवले; ते पगारी नव्हते, स्वतःच्या दवाखान्यांचे धनी होते, आणि त्यांचा विरोध होता सरकारने सर्वांसाठी आणलेल्या आरोग्य विम्याला! त्यापुढे आमच्या पोरांची रजेची मागणी फारच सोवळी म्हणायची.

पुतणीने संघटनेच्या मागण्यांचा मसुदा मला मराठी तपासायला म्हणून आणून दिला. पहिले कलम बाळंतपणाच्या रजेचे, दुसरे लेखी कराराचे, तिसरे पगाराच्या तारखेचे. गरज नसलेले उपचार करायला कोणा डॉक्टरला भाग पाडू नये, हे कलम सातवे होते. शुद्धलेखनाच्या चुका मी सुधारल्या आणि सातवे कलम पहिले करा, असे समासात लिहिले.

“काका, तुम्ही लिहिलेत ते आम्हांलाही पटते,” ती म्हणाली, “पण सातव्यावर आतापर्यंत अकराच सह्या आहेत. रजेवर अडतीस आहेत.”

मसुदा तिने परत नेला. या रविवारी त्यांची बैठक आहे.