उन्हाळी शिबिर आणि शेजारचे मूल

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जून महिन्याच्या अखेरीस उघडतात. सुट्टी लांबलचक आणि ऊन मात्र जीवघेणे, अशी आपल्या मुलांची स्थिती असते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. अशा दिवसांत सकाळी सातपासून ऊन चढेपर्यंत चर्चच्या सभागृहात भरणारे मुलांचे शिबिर हा धर्मग्रामातील कुटुंबांना मोठाच आधार होय. गाणी, गोष्टी, चित्रकला, नाटुकली, थोडे बायबलवाचन, थोडे खेळ आणि घरी जाताना पेलाभर पन्हे! नोकरीला जाणाऱ्या मातांचा जीव भांड्यात पडतो आणि आपल्या तरुण-तरुणींनाही सेवेची सवय लागते.

मात्र सभागृहाचे दार उघडे असले की केवळ आपलीच मुले आत येतात असे नाही. सदर असो, अजनी असो वा कामठी, आपली घरे हिंदू, बौद्ध आणि मुस्लिम शेजाऱ्यांच्या घरांना लागून उभी आहेत. आपला मुलगा ज्याच्याबरोबर रोज क्रिकेट खेळतो, तो मित्रही त्याच्या मागोमाग येतो. या मुलाच्या बाबतीत आपले कर्तव्य काय, हा प्रश्न दरवर्षी शिबिराच्या तयारीच्या बैठकीत डोके वर काढतो आणि वेळेअभावी तसाच राहून जातो. म्हणून त्याचा येथे शांतपणे विचार करावा असे आम्हांला वाटते.

बैठकीत साधारणतः दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, काळ कठीण आहे, उगाच कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये. शिबिर आपल्या मुलांपुरतेच ठेवावे. दुसरा पक्ष म्हणतो, देवानेच हे मूल आपल्या दारी पाठविले आहे. कोवळ्या मनात वचन पेरण्याची संधी का दवडावी? वरवर पाहता हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी भासतात. आम्हांला मात्र त्यांच्यात एक साम्य दिसते. एकाला ते मूल संकट वाटते, दुसऱ्याला संधी. ते मूल म्हणजे एका घराने विश्वासाने आपल्या हाती सोपविलेली ठेव आहे, हे मात्र दोघांच्याही ध्यानात येत नाही.

मुलांना एकत्र जमविण्याची ही प्रथा ख्रिस्तसभेला नवी नाही. १५४२ साली गोव्यात उतरलेले संत फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून फिरत आणि मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत. आज सुट्टीतील बायबल शाळा म्हणून जो उपक्रम आपल्या प्रोटेस्टंट बंधूंनी जगभर नेला, त्याच्या आरंभकर्त्यांत एलिझा हॉज या बाईंचे नाव घेतले जाते. १८९८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत दुसरी जागा न मिळाल्याने त्यांनी चक्क बिअरचा गुत्ता भाड्याने घेतला आणि रस्त्यावर भटकणारी मुले तेथे बसविली. खेळ आणि श्रद्धा यांची सांगड अशी जुनीच आहे. पण खेळाच्या ओढीने आलेले मूल श्रद्धेसाठी आले आहे, असे आपण कोणत्या न्यायाने धरून चालावे?

हा प्रश्न नागपुरात विशेष धारदार होतो, त्यालाही कारण आहे. नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ साली त्या सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. १९५६ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. शाळा, दवाखाने, अनाथालये यांचा उपयोग धर्मांतरासाठी केला जातो, असा तिचा आक्षेप होता. ख्रिस्तसभेने तो तेव्हाही नाकारला. पुढे त्याच राज्याने १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला आणि त्याविरुद्ध रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांनी दिलेला लढा १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात संपला. धर्मप्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. या निकालाविषयी मतभेद असू शकतात. परंतु कायद्याच्या धाकाने जे टाळावयाचे ते वेगळे आणि न्यायबुद्धीने जे टाळावयाचे ते वेगळे. आमचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे. उद्या सर्व कायदे रद्द झाले तरी तो उरतोच.

त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत सापडते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांच्यापुढे प्रश्न होता की, ख्रिस्ती नसलेल्या आईवडिलांच्या मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध स्नानसंस्कार द्यावा काय? स्नानसंस्कारावाचून तारण नाही अशी त्या युगाची धारणा होती, म्हणजे उत्तर ‘होय’ असे येणे सोपे होते. संत थॉमस यांनी ते ‘नाही’ असे दिले. जन्मापूर्वी मूल जसे मातेच्या उदरात असते, तसे विचारशक्ती जागी होईपर्यंत ते आईवडिलांच्या देखरेखीरूपी आत्मिक उदरात असते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. त्यातून त्याला ओढून काढणे हा निसर्गदत्त न्यायाचा भंग आहे. हेतू कितीही पवित्र असो, अन्याय हा अन्यायच.

या शहाणपणाकडे डोळेझाक झाली तेव्हा काय घडले, त्याची साक्ष इतिहासात आहे. १८५८ साली बोलोन्या शहरात एडगार्डो मोर्तारा नावाच्या सहा वर्षांच्या यहुदी मुलाला पोपच्या राज्याच्या शिपायांनी घरातून नेले. तो तान्हा असताना आजारी पडला होता आणि घरातील मोलकरणीने त्याला गुपचूप स्नानसंस्कार दिला होता, एवढेच कारण. त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती झालेले मूल यहुदी घरात वाढू शकत नव्हते. आईवडिलांनी जगभर आक्रोश केला, पण मूल परत मिळाले नाही. त्या मोलकरणीचा हेतू दुष्ट नव्हता. ती मुलाचे भलेच चिंतीत होती. पण जे झाले ते आईवडिलांच्या पाठीमागे झाले आणि एक घर उद्ध्वस्त झाले.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात ही गोष्ट निःसंदिग्धपणे मांडली. श्रद्धेच्या प्रसारात सक्ती तर नकोच, पण अप्रामाणिक मनधरणीही नको, विशेषतः गरीब आणि अशिक्षित लोकांच्या बाबतीत. आणि मुलांना कोणते धर्मशिक्षण मिळावे हे ठरविण्याचा हक्क आईवडिलांचा आहे. हा हक्क केवळ कॅथलिक आईवडिलांचा असे परिषदेने म्हटलेले नाही. आपल्या राज्यघटनेचे २८ वे कलमही मान्यताप्राप्त शाळांपुरते हेच सांगते की, पालकांच्या संमतीवाचून अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणास बसविता येत नाही. शिबिर म्हणजे शाळा नव्हे, पण त्या कलमामागील न्याय शिबिरालाही लागू आहे.

वाचकहो, क्षणभर बाजू उलटून पाहा. आपल्या शहरात सुट्टीत इतरही अनेक संस्कारवर्ग भरतात. समजा, आपली दहा वर्षांची मुलगी मैत्रिणीबरोबर अशा वर्गाला गेली आणि महिन्याभराने आपल्याला कळले की तिला तेथे बक्षिसे देऊन आपल्या नकळत दुसरी उपासना शिकविली गेली, तर आपल्याला काय वाटेल? १९८६ साली केरळातील यहोवा विटनेस पंथाच्या तीन भावंडांना सर्वोच्च न्यायालयाने शाळेत परत घेण्यास लावले. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. अल्पसंख्य मुलाच्या सदसद्विवेकाला असे संरक्षण मिळाले याचा आपल्याला आनंद होतो. मग आपल्या सभागृहात जे मूल अल्पसंख्य आहे, त्याला तेच संरक्षण आपण द्यावयास नको काय? लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपणही वागावे, ही प्रभूची आज्ञा येथे अगदी शब्दशः लागू पडते.

मग शिबिरात येशूचे नावच घेऊ नये काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. श्रद्धा लपवून मुले गोळा करणे हाही अप्रामाणिकपणाच होय. दयाळू शोमरोन्याची गोष्ट सर्वांना मोकळेपणाने सांगावी. गोष्ट सांगणे ही देणगी आहे; पण गोष्ट संपताच, येशूला कोण स्वीकारणार, हात वर करा, असे मुलांना विचारणे म्हणजे देणगीची किंमत वसूल करणे आहे. पन्ह्याचा पेला, रंगपेटी, बक्षीस यांपैकी काहीही प्रार्थनेशी बांधू नये. तहानेल्याला दिलेले पाणी हे तहानेसाठीच असावे.

व्यवहारात कसोटी एकच पुरेशी आहे. त्या मुलाची आई मागच्या बाकावर बसली असती तर आपण हेच केले असते काय? म्हणून दिवसाचा कार्यक्रम दारावर मराठीत आणि हिंदीत लावावा. पालकांची लेखी संमती घ्यावी आणि कोणत्या तासाला काय होते ते त्यांना तोंडी समजावून सांगावे. धर्मशिक्षणाचा तास आपल्या मुलांसाठी वेगळा ठेवावा. त्या वेळी शेजारच्या मुलांसाठी खेळ किंवा चित्रकला असावी, म्हणजे बाहेर बसणे त्यांना शिक्षा वाटणार नाही. हात जोडलेल्या शेजारच्या मुलाचे छायाचित्र मोबाईलवरून धर्मग्रामाच्या गटावर फिरविणे तर कटाक्षाने टाळावे. आणि मागचा तो बाक खरोखरच ठेवावा, कोणत्याही आईवडिलांनी केव्हाही येऊन बसावे म्हणून.

एक अवघड प्रसंग उरतो. आठवी-नववीतील मूल स्वतःहून विचारते, येशू कोण, तुम्ही त्याच्यावर विश्वास का ठेवता? संत थॉमस यांनीच मान्य केले आहे की, विचारशक्ती जागी झाली की मनुष्य स्वतःचा धनी होऊ लागतो. अशा प्रश्नाला टाळाटाळ करणे हा त्या मुलाचा अपमान ठरेल. उत्तर खरे आणि सरळ द्यावे आणि त्याबरोबरच म्हणावे, हा प्रश्न घरीही विचार आणि आपण काय बोललो ते आईवडिलांना सांग. जे घरी सांगता येत नाही ते शिबिरात बोलू नये. घाई आपल्याला असते, देवाला नसते.

असे केल्याने शिबिराच्या अहवालात दाखविण्याजोगे काही हाती लागणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु या सर्व काळात आपली स्वतःची मुले पाहत असतात. आपल्या मित्राला येथे गळाला लावले जाते की पाहुण्यासारखे वागविले जाते, हे त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर कळते. महिन्याभरात पाठ केलेली वचने त्यांतील काही जण दिवाळीपर्यंत विसरतील. आपल्या मित्राला घरी जाताना जसा तो आला होता तसाच, आनंदात आणि निर्धास्त जाऊ दिले गेले, हे मात्र ती विसरणार नाहीत.